तुमची छत्री इथं राहिली आहे

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य महोदय, व्यवस्थापन समितीचे सदस्य, शिक्षक आणि शिक्षकेतर बंधुभगिनी, जिना चढून धापा टाकत आलेले माजी विद्यार्थी, अर्ध्या जिन्यावरून परत फिरावं का या विचारात असलेले आजी विद्यार्थी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ती आपली सत्कारमूर्ती छत्रीताई, आणि समोर बसलेले परंतु मला मुळीच न दिसणारे श्रोतेहो,

विषयाला हात घालण्यापूर्वी मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ती आजच्या इतिवृत्तात यावी असा माझा आग्रह राहील. समोरच्या भिंतीवर, घड्याळाच्या जरा खाली, एक दिवा लावलेला आहे आणि त्याचा रोख थेट वक्त्याच्या नाकावर आहे. वक्ता उजळून निघावा हा हेतू स्तुत्य आहे. पण या वयात उजळण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं आणि जे उरतं ते झाकलेलं बरं. शिवाय या दिव्यापायी मला पहिल्या दोन रांगांपलीकडचं काहीच दिसत नाही. कोण जांभई देतंय, कोण मोबाइलमध्ये डोकं घालून बसलंय, कोण उठून चाललंय, हे ज्याला कळत नाही तो वक्ता भिंतीशी बोलणाऱ्या माणसापेक्षा वेगळा कसा मानायचा? त्यात भर म्हणजे माझा दूरचा चष्मा घरी राहिला आहे. कागद वाचता येतो, माणसं वाचता येत नाहीत. दिव्याचं काम पाहणारे दादा फार सज्जन. त्यांनी मघाशीच हळूच विचारलं, "सर, बंद करू का?" मीच नको म्हणालो. तक्रारच मिटली तर भाषण सुरू कशानं करायचं?

असो.

मी या महाविद्यालयाचा विद्यार्थी नाही, शिक्षक नाही, देणगीदार तर नाहीच नाही. मी वार्ताहर. तारुण्य संस्कृतात घालवलं आणि पोटासाठी वर्तमानपत्रात आलो. म्हणजे लोक जिला मेलेली समजतात त्या भाषेतून निघून रोज संध्याकाळी खरोखर मरणाऱ्या मजकुरात येऊन पडलो. आमच्या संपादकांचं म्हणणं असं, की माझ्या बातमीत समास फार आणि बातमी थोडी. असा माणूस आज या व्यासपीठावर का, हे आपल्याला पडलेलं कोडं मलाही पडलं होतं. ते सोडवायला थोडं मागं जावं लागेल.

काही वर्षांपूर्वी मी या महाविद्यालयावर एक बातमी लिहिली होती. मथळा होता, 'प्रवेश घेणारे निम्मे वाटेतच गळतात'. बातमी खरी होती. प्रवेश किती जणांनी घेतला, पुढच्या वर्षी किती उरले आणि शेवटी प्रमाणपत्र हातात घेऊन बाहेर किती पडले, हे सगळं इथल्याच वार्षिक अहवालात छापलेलं होतं. मी फक्त त्याला मथळ्याची टोपी घातली. बातमी आली त्या दुपारी फोन वाजला. आता निषेध ऐकावा लागणार म्हणून मी सरसावून बसलो. पलीकडून शांत आवाज आला, "तुमची छत्री इथं राहिली आहे. घेऊन जाता का?"

आता मी जन्मात छत्री वापरलेली नाही. मी टोपीवाला आहे. तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं का, मग कुणाची बरं असेल, तुम्ही जरा येऊन बघता का? आणि मोठमोठ्यांच्या पत्रकार परिषदा डोकं दुखतंय म्हणून टाळणारा मी, एका नसलेल्या छत्रीसाठी टोपी घालून निघालो.

छत्रीताईंची खोली आपण सर्वांनी पाहिली आहे. जिन्याखाली आहे. छत उतरतं असल्यामुळं आत शिरणारा प्रत्येक जण, मग तो समितीचा सदस्य का असेना, आपोआप मान लववतो. बाहेर पाटी आहे, 'विद्यार्थी टिकाव व पूर्तता कक्ष'. ही पाटी इतकी बोजड आहे की पहिल्या भेटीत मला तिचा मत्सर वाटला. आत टेबल, चहाची किटली, रस्त्याकडं उघडणारी खिडकी, आणि एक उंच कपाट. कपाटात छत्र्या. काळ्या, फुलाफुलांच्या, दांडा निखळलेल्या, एक तर लहान मुलाची, बदकाच्या चोचीची. शिवाय मफलर, पाण्याच्या बाटल्या, एकेकटे हातमोजे.

त्या कपाटाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. कोण टिकलं आणि कोण गेलं याचं शेकडा प्रमाण काढणं हे ताईंचं नोकरीचं काम. ते त्यांनी चोख केलं; माझी बातमी त्यांच्याच आकड्यांवर उभी होती आणि त्यातला एकही त्यांनी नाकारला नाही. पण एखादा विद्यार्थी चार दिवस दिसला नाही की त्या त्याला फोन करायच्या आणि सांगायच्या, तुझी छत्री इथं राहिली आहे. का येत नाहीस, असं चुकूनही विचारायच्या नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "का आला नाहीस म्हटलं की माणूस कारण शोधतो. कारण सापडलं की ते त्याला पटायला लागतं. आणि पटलं, की मग तो येतच नाही."

छत्रीसाठी मात्र माणूस येतो. वर्गात परत यायची लाज वाटते, छत्री न्यायला यायची वाटत नाही. आला की म्हणतो, ही माझी नव्हे. ताई म्हणतात, असू दे, तूच ने, आणि आता आलाच आहेस तर चहा घे. आमच्या शास्त्रकारांनी याला शाखाचंद्रन्याय म्हटलं आहे. चंद्राची बारीक कोर दाखवायची असेल तर आधी फांदी दाखवावी. नजर फांदीवर गेली की चंद्रावर आपोआप जाते. मी हे ताईंना मोठ्या उत्साहानं ऐकवलं. त्यांनी किटली उचलली आणि विचारलं, साखर किती?

मीही सहजासहजी हार मानणारा नव्हे. मी म्हणालो, आमच्यात स्थालीपुलाकन्यायही आहे; शितावरून भाताची परीक्षा. तुमच्या शेकडा प्रमाणावरून महाविद्यालयाची परीक्षा करायची नाही, तर कशावरून? त्यावर त्या म्हणाल्या, भाताचं ठीक आहे हो, तो एका पातेल्यात एका विस्तवावर शिजतो. आमची शितं निरनिराळ्या चुलींवरून येतात. मग त्यांनी एकेक सांगितलं. एक जण इथून दुसऱ्या महाविद्यालयात गेला आणि तिथं पहिला आला; आमच्या अहवालात तो गळालेला. एकीला जुळं झालं, ती तीन वर्षांनी परत आली, तोवर गळालेली. एक बेकरीवाला, पहाटेची भट्टी लावून वर्गात यायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा, लाजेनं यायचा थांबला. त्याला ताईंनी मफलर न्यायला बोलावलं. मफलर त्याचा नव्हताच, पण तो घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आला. आज ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसले आहेत आणि गळ्यात तोच मफलर आहे. एवढं मला चष्म्याशिवायही दिसतंय.

आणि म्हणून, नव्यानं आलेल्या पाहुण्यांना ठाऊक नसेल, आपल्या पदवीदान समारंभाला लख्ख उन्हातही लोक छत्र्या घेऊन येतात. उत्तीर्ण झालं की छत्री परत करायची, हा इथला रिवाज. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांनी सभागृहातल्या छत्र्या पाहिल्या, आता पाऊस कोसळणार असं समजून भाषण पाच मिनिटांत गुंडाळलं आणि गाडीत जाऊन बसले. महाविद्यालयाच्या इतिहासात तो दिवस सोन्याचा मानला जातो.

इथवरचं भाषण मी आनंदानं लिहिलं. यापुढचं ताईंनी सांगितलं म्हणून बोलतो आहे. आमच्या सौभाग्यवतींनीही निघताना बजावलं आहे, की नेहमीसारखा विनोद करून निसटू नका. त्याही पहिल्या रांगेतच आहेत, त्यामुळं निसटायला वाव नाही.

आमची धाकटी मुलगी इथं शिकते. घरात तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी सदा काहीतरी ओढत कुठंतरी निघालेली असायची. बारावीनंतर ती दूरच्या एका मोठ्या विद्यापीठात गेली आणि वर्षाच्या मध्येच बॅग घेऊन परत आली. मला म्हणाली, बाबा, तिथलं पाणी मानवलं नाही. आम्ही खोदून विचारलं नाही. मग तिची तीच इथं आली, प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि चांगली रमली. रक्त तपासायला शिकली तेव्हा घरातल्या सगळ्यांची बोटं टोचून झाली. आता शेवटचं सत्र.

मध्यंतरी एका संध्याकाळी मी मटार सोलत बसलो होतो आणि फोन वाजला. "तुमच्या मुलीची छत्री इथं राहिली आहे. तिला पाठवून द्याल का?"

मी म्हणालो, "ताई, मी बोलतोय."

मग त्या म्हणाल्या, "माहीत आहे. पण दुसरं कसं सांगू?"

सभागृहात असे पालक असतील, ज्यांना कधीतरी हा फोन आला आणि ज्यांनी बरं, पाठवतो, असं म्हणून तो सुखानं ठेवला. मला ते सुख नव्हतं. छत्रीचा अर्थ आधीपासून ठाऊक असलेला या गावातला मी बहुधा एकटाच बाप. हातातली मटाराची शेंग उघडेना.

कारण मुंगी रोज सकाळी बॅग घेऊन निघत होती. संध्याकाळी परत येत होती. आणि रात्री जेवताना कॉलेजात काय झालं ते सांगत होती. त्या रात्रीही सांगितलं. सूक्ष्मदर्शकाची काच कुणी फोडली, खोकणाऱ्या सरांनी खोकता खोकता कुणाला बाहेर काढलं, सगळं. ते खोकणारे सर महिनाभर रजेवर होते, हे मला ताईंकडून तासाभरापूर्वीच कळलेलं होतं. तरी सांगतो, मी हसलो. वर्णन फार छान होतं. इतका जिवंत मजकूर आमच्या कार्यालयात एकाही वार्ताहरानं दिलेला नाही, माझ्यासकट. माझा जन्म लोकांना प्रश्न विचारण्यात गेला. ज्यांना विचारू नये त्यांना, जे विचारू नये ते विचारलं. आणि समोर बसून भाकरी मोडणाऱ्या माझ्या मुलीला, 'आज तू कुठं होतीस?' हे साधं वाक्य मला विचारता येईना, आणि छत्रीचा निरोपही देता येईना.

दोन दिवसांनी मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मला ठाऊक आहे. मुंगीचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट कितीतरी दिवस धुवायला आलेला नव्हता; घडी जशीच्या तशी होती. तुम्हाला सहन होणार नाही म्हणून बोलले नाही, म्हणाली. म्हणजे रोज रात्री तिघं जण एकमेकांना सांभाळून घेत जेवत होतो, आणि मीठ मात्र कुणाला कमी वाटत नव्हतं.

मी ताईंच्या खोलीत गेलो. त्यांनी मला खिडकीशी नेलं. रस्त्यापलीकडं झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एक बाक आहे. मुंगी त्यावर बसली होती. मांडीवर बॅग, नजर आपल्या फाटकाकडं. ताई म्हणाल्या, रोज येते. दुपारपर्यंत बसते, मग उठून जाते. मी कपाटाच्या आड उभा राहून पाहत होतो. जुन्या नाटकांतले राजेही असे लपून पाहतात. पण त्यांना निदान वेली असतात, मला बदकाच्या चोचीची छत्री टोचत होती. मी विचारलं, हाक मारू का? ताईंनी माझा हात धरला.

"नको. रस्ता तिचा तिला ओलांडू दे. पहिल्या वर्षी जातात ते अडचणीनं जातात. शेवटच्या सत्रात जातात ते भीतीनं. एकदा पास झालं, की पुढं काय, याचं उत्तर द्यावं लागतं ना."

त्यानंतर मला जरा बरं वाटू लागलं होतं. मूल कुठं आहे ते कळलं, की निम्मी भीती जाते. बाकावर का असेना, आहे. ताई रोज दुपारी मला एका शब्दाचा निरोप धाडायच्या: आहे. आजवर मी इतकी छोटी आणि इतकी मोठी बातमी वाचलेली नाही.

आता प्राचार्य महोदयांची क्षमा मागून पुढचं सांगतो, कारण यात त्यांचा काहीच दोष नाही. ताई निवृत्त होणार म्हणून महाविद्यालयानं नवी यंत्रणा आणली. गैरहजर विद्यार्थ्याला ती आपोआप संदेश पाठवते. आपल्यापैकी काहींना वाटेल की मी आता यंत्राला शिव्या घालणार. नाही. यंत्र हवं, असं ताईच म्हणत होत्या. मी एकटी किती जणांना छत्र्या पुरवू, म्हणत होत्या. संदेशाचा मजकूरही त्यांनीच लिहिला. 'तुम्ही बरेच दिवस आला नाहीत. आम्हाला काळजी वाटते. परत या.' मी तो संपादकाच्या डोळ्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. एक काना बदलावासा वाटला नाही. त्या संदेशानं कित्येक जण परत आले, हेही खरं आहे.

मुंगीला तो मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. तोवर आपण आत नाही हे कुणाला माहीत नाही, अशी तिची समजूत होती. त्या समजुतीवर ती रोज फाटकापर्यंत येत होती.

त्या संध्याकाळी ताई आमच्या घरी आल्या. या माणसाला मी त्याआधी कधी घाबरलेलं पाहिलेलं नव्हतं. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळा जन्म आडून बोलले. जाता जाता एकदा सरळ बोलून बघावं म्हटलं. चुकलं माझं."

मुंगी अजूनही रोज सकाळी निघते. संध्याकाळी येते. रात्री सांगते, मात्र गोष्टी आता लहान होत चालल्या आहेत. काल तर नुसतं 'ठीक' म्हणाली. दिवसभर ती कुठं असते ते मला माहीत नाही, ताईंना माहीत नाही, कुणालाच माहीत नाही.

तेव्हा मी या व्यासपीठावर का, याचं उत्तर असं. सत्काराला कुणी बोलावं, असं समितीनं ताईंना विचारलं आणि त्यांनी माझं नाव सांगितलं. मग मला म्हणाल्या, भाषणाच्या दिवशी तुमचा दूरचा चष्मा घरी विसरा. मी विचारलं, कुठं विसरू? त्या म्हणाल्या, तिच्या बॅगेशेजारी. आज सुट्टी, म्हणून बॅग घरी होती. मुंगी न्हाणीघरात होती, नळ चालू होता. मी चष्मा टेबलावर ठेवला, बायकोनं तो जरा पुढं सरकवला, आणि दोन चोर घराबाहेर पडावेत तसे आम्ही बाहेर पडलो. वाटेतून मी फोन केला: चष्मा राहिला गं, आणून देतेस का? ती म्हणाली, "बघते." बघते या शब्दाचा अर्थ मी सबंध वाटभर लावत होतो. संस्कृतात एवढा कठीण शब्द नाही.

मी ताईंना विचारलं होतं, हे सगळं लोकांसमोर बोलायचं? घरची गोष्ट? त्या म्हणाल्या, लोकांसमोरच बोला. या सभागृहातले निम्मे कधी ना कधी त्या बाकावर बसून गेलेले आहेत. ते तिला कळू दे.

ताई, तुमच्याविषयी बोलायला उभा राहिलो आणि स्वतःचंच गाऱ्हाणं गायलो. पण तुम्ही हेच सांगितलं होतं. तुमच्या जागी कोण येईल ते मला ठाऊक नाही. जे कुणी येईल त्यांना या व्यासपीठावरून एकच विनंती: यंत्र चालू ठेवा, शेकडा प्रमाण काढा, मी त्याची बातमी छापीन आणि गरज पडली तर मथळाही कडक देईन, पण ते कपाट हलवू नका. आणि ताई, निवृत्तीनंतर तुम्ही दोन-चार दिवस घराबाहेर दिसला नाहीत, तर तुमची छत्री माझ्याकडं राहिली आहे असं समजा. न्यायला यावं लागेल.

अध्यक्ष महोदयांनी मला वेळेची आठवण करून दिली नाही, याबद्दल त्यांचे आभार. फुलं लावणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, चहाची किटली वर आणणाऱ्यांचे आभार. कुणाचं पद सांगायचं राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, सत्काराच्या दिवशी रडगाणं झालं असं कुणाला वाटलं असेल, तर त्या सगळ्यांनी मला पदरात घ्यावं.

आणि दिव्याविषयीची तक्रार मी मागं घेतो. ती इतिवृत्तात नको. दादा, तुम्ही बंद करू का विचारलंत तेव्हा मी जे कारण दिलं ते खरं नव्हतं. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, ताईंनी एक खुर्ची राखून ठेवायला सांगितली आहे. दिवा चालू आहे तोवर त्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असू शकतं. मुंगे, तू तिथं असलीस तर मी काहीही विचारणार नाही. चष्मा दे आणि चहा घे. पण इतका वेळ मी बोलतो आहे आणि चष्मा अजून माझ्या हातात आलेला नाही. दादा, दिवा आणखी थोडा वेळ असू द्या. घरी गेल्यावर टेबलावर चष्मा तसाच असेल आणि शेजारची बॅग नसेल, याची मला भीती वाटते.